वितरकाच्या घरचा इंजिनिअर

गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतला छताचा पंखा बदलला. जुना पंखा ७० ते ७५ वॉट वीज घ्यायचा. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा तेवढाच वारा ३० वॉटच्या आसपास देतो. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ऊर्जाबचतीचं तारांकन सक्तीचं झालं आणि या बदलाने वेग घेतला. जुन्या पंख्यात तांब्याची गुंडाळी, एक कपॅसिटर आणि दोन बेअरिंग असली की काम भागत असे. नव्या पंख्यात तळहाताएवढा एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. तो २३० व्होल्टची एसी वीज आधी डीसी करतो आणि तिच्यापासून तीन फेज तयार करतो. फिरत्या चुंबकाची जागा तो बहुतेक वेळा गुंडाळीत उमटणाऱ्या व्होल्टेजवरूनच ओळखतो आणि त्या अंदाजाने सहा मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. एकाच फेजचा वरचा आणि खालचा मॉस्फेट चुकून काही मायक्रोसेकंद एकदम चालू राहिले तर बोर्ड तिथल्या तिथे जळू शकतो.

हा बोर्ड डिझाइन करणं पंखे बनवणाऱ्या प्रत्येकाच्या आवाक्यातलं नव्हतं. ज्या उद्योजकांकडे इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर होते त्यांनी तो स्वतः घडवला. पण पत्रा, तांबं आणि रंगकाम यांत आयुष्य गेलेल्या अनेक लहान कारखानदारांकडे ऑसिलोस्कोपही नव्हता. चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी अशा पंख्यासाठी तयार ‘रेफरन्स डिझाइन’ आखून ठेवली होती. सर्किटचा नकाशा, पीसीबीची (सर्किट बोर्डाची) मांडणी, सुट्या भागांची यादी आणि मोटर चालवणारं सॉफ्टवेअर, असं सगळं त्यात होतं. ते घेऊन कारखान्याच्या दारात येणारा माणूस बहुधा चिप कंपनीचा नसतो. तो वितरकाचा इंजिनिअर असतो.

या माणसाबद्दल आपल्याकडे फारसं लिहिलं गेलेलं नाही. ‘मेक इन इंडिया’च्या चर्चेत चिपचे कारखाने येतात, अनुदानं येतात, मोबाइलच्या जुळणीचे आकडे येतात. लहान उद्योगाला डिझाइनच्या अडचणीत सर्वांत आधी ज्याला फोन करावासा वाटतो, तो मात्र त्या चर्चेत कुठेच नसतो. त्याच्यामुळे आपल्या उद्योगाला काय मिळालं आणि त्याच्यावर किती विसंबायचं, हे नीट समजून घेण्याची वेळ आली आहे.

रेडिओ रो ते लॅमिंग्टन रोड

जगातल्या सर्वांत मोठ्या इलेक्ट्रॉनिक वितरकांत गणल्या जाणाऱ्या दोन अमेरिकी कंपन्यांची मुळं न्यूयॉर्कच्या एकाच बाजारात आहेत. मॅनहॅटनच्या कॉर्टलँड स्ट्रीटभोवती रेडिओच्या दुकानांची दाट वस्ती होती. तिला ‘रेडिओ रो’ म्हणत. १९२१ मध्ये चार्ल्स ॲव्हनेट यांनी तिथे रेडिओचे सुटे भाग विकायला सुरुवात केली. १९३५ मध्ये त्याच बाजारात ॲरो रेडिओ हे दुकान उघडलं. पुढे १९६०च्या दशकात वर्ल्ड ट्रेड सेंटरसाठी तो सगळा बाजार पाडला गेला, पण ॲव्हनेट आणि ॲरो ही नावं जगभर पसरली. लंडनमध्ये १९३७ साली सुरू झालेली ‘रेडिओस्पेअर्स’ हीच आजची आरएस. १९६४ मध्ये माउसर ही कंपनी काढणारे जेरी माउसर कॅलिफोर्नियात शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होते. १९७२ मध्ये मिनेसोटातल्या थीफ रिव्हर फॉल्स या छोट्याशा गावात रोनाल्ड स्टॉर्डाल यांनी डिजी-की सुरू केली, तीही हौशी रेडिओवाल्यांसाठी मोर्स संदेश पाठवण्याचं किट विकून.

यातल्या अनेकांना आपण विकतो ती वस्तू आतून ठाऊक होती. गिऱ्हाइकाला सल्ला देणं हा या धंद्याचा पहिल्यापासूनचा भाग होता. आपल्याकडेही तेच घडलं. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. भडकमकर मार्ग, आणि पुण्यातली बुधवार पेठ इथे महाराष्ट्रातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कित्येक पिढ्या घडल्या. भारत इलेक्ट्रॉनिक्सचा एसएल-१०० ट्रान्झिस्टर मिळाला नाही तर त्याच्या जागी कुठला चालेल, ७८०५ रेग्युलेटर तापत असेल तर किती मोठा हीटसिंक लावायचा, हे काउंटरमागचा माणूस तोंडपाठ सांगत असे. डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी आलेल्या मुलाला सुट्या भागांच्या पुडीबरोबर चार युक्तीच्या गोष्टीही मिळत.

मग चिपच बदलली. १९७१ मध्ये हान्स कामेनझिंड यांनी डिझाइन केलेल्या ५५५ टायमरला आठ पाय होते आणि त्याची सगळी माहिती थोडक्या पानांत मावत होती. आज दुचाकीच्या मीटरपासून पाण्याच्या पंपापर्यंत वापरल्या जाणाऱ्या ३२-बिट मायक्रोकंट्रोलरचं रेफरन्स मॅन्युअल हजार पानांच्या पुढे जातं. त्याशिवाय त्याच्या दोषांची वेगळी यादी असते, सॉफ्टवेअर लायब्ररीची वेगळी पुस्तिका असते आणि डझनावारी ॲप्लिकेशन नोट्स असतात. दुसरीकडे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारखी एकच कंपनी सुमारे ८० हजार उत्पादनं लाखभर ग्राहकांना विकते. मोटारी किंवा मोबाइल बनवणाऱ्या बड्या ग्राहकाकडे चिप कंपनी स्वतःचे इंजिनिअर बसवते. वर्षाला पाच हजार बोर्ड लागणाऱ्या भोसरीच्या कारखान्याकडे ती कुणाला पाठवणार? ही जागा वितरकाने भरली, आणि त्यासाठी त्याने इंजिनिअर नेमले.

एफएई काय करतो

या इंजिनिअरचं पद ‘फील्ड ॲप्लिकेशन इंजिनिअर’. सगळे त्याला एफएई म्हणतात. पगार वितरकाचा, ज्ञान ‘प्रिन्सिपल’चं आणि काम ग्राहकाच्या टेबलावर, अशी त्याची तिहेरी बांधिलकी असते. ज्या चिप कंपन्यांचा माल वितरक विकतो त्यांना या धंद्यात प्रिन्सिपल म्हणतात. नवी चिप आली की प्रिन्सिपलचं प्रशिक्षण घेणं, इव्हॅल्युएशन बोर्ड ग्राहकापर्यंत पोहोचवणं, सॅम्पल मिळवून देणं, सर्किट तपासणं आणि बोर्ड चालेना तेव्हा सोबत बसून कारण शोधणं, असा त्याचा दिनक्रम.

चाकण-भोसरी पट्ट्यात वारंवार येणारी एक अडचण घेऊ. कंट्रोलर बोर्ड कारखान्यातल्या टेबलावर उत्तम चालतो. मग तो विद्युतचुंबकीय चाचणीसाठी जातो. वाहनाशी संबंधित असेल तर पुण्यातल्या एआरएआयसारख्या प्रयोगशाळेत. तिथे त्यातून मर्यादेपेक्षा जास्त रेडिओ-गोंगाट बाहेर पडताना दिसतो आणि बोर्ड नापास होतो. सर्किट बरोबर असतं, भाग चांगले असतात. दोष असतो तो पीसीबीच्या मांडणीत. स्विचिंग रेग्युलेटरचा इनपुट कपॅसिटर चिपपासून दोन सेंटिमीटर लांब ठेवलेला असतो. त्यामुळे वेगाने चालू-बंद होणारा प्रवाह ज्या वळशातून फिरतो तो वळसाच अँटेना होतो. पुस्तकात हे लिहिलेलं असतं, पण पहिल्यांदा बोर्ड काढणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. अशा डझनभर बोर्डांवर बसलेला एफएई मांडणी पाहताक्षणी त्या कपॅसिटरवर बोट ठेवतो. आणखी एका नापास फेरीची फी, बोर्ड आणि महिना-दीड महिन्याची वाट हे सगळं त्या एका नजरेने वाचतं. मांडणी आधीच दाखवली असती तर नापास होण्याची वेळही आली नसती.

दुसरी अडचण बिनतारी उपकरणांची. वाय-फाय किंवा ब्लूटूथची सुटी चिप स्वस्त पडते. पण तिच्याभोवतीचं रेडिओ सर्किट आणि अँटेना स्वतः जुळवावी लागते आणि मंजुरीसाठीच्या चाचण्या स्वतःच्या खर्चाने कराव्या लागतात. तयार, आधीच प्रमाणित केलेलं मॉड्यूल महाग असतं, पण तो सगळा खर्च आणि धोका टळतो. वर्षाला किती नग जाणार, यावर कुठला रस्ता धरायचा ते ठरतं. हा हिशेब लहान उद्योजकासमोर मांडणारा एफएई त्याचे पैसेही वाचवतो आणि त्याची वर्षंही.

विजेवरच्या दुचाकींच्या बॅटऱ्यांचंही तसंच. २०२२ मध्ये स्कूटरना आगी लागल्याच्या घटनांनंतर एआयएस-१५६ या मानकातल्या सुरक्षेच्या अटी कडक झाल्या. बॅटरीतल्या सेलचं व्होल्टेज आणि तापमान मोजणारी, बिघाड दिसताच पुरवठा तोडणारी बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम नीट असणं हा जीवन-मरणाचा प्रश्न ठरला. अशा चिपची बारकाई ज्याने हाताळली आहे अशा इंजिनिअरचा सल्ला लहान कंपनीला दारात मिळणं, ही आपल्या सगळ्यांच्या सुरक्षेशी जोडलेली गोष्ट आहे.

या सल्ल्याचे पैसे कोण देतं

एफएईच्या भेटीचं बिल सहसा येत नाही. म्हणून तो सल्ला फुकट आहे असं समजण्याचं कारण नाही. हा हिशेब ग्राहकाला ठाऊक असायला हवा.

सुटे भाग विकण्यात नफा पातळ असतो. ॲव्हनेटने २०२२च्या आर्थिक वर्षात २४ अब्ज डॉलरहून अधिक विक्री केली, पण खरेदी आणि विक्री यांच्या किमतींतला फरक शेकडा १२च्या आसपास होता. त्यातच गोदामं, उधारी, पगार आणि वाहतूक भागवायची. नुसता माल इकडून तिकडे पोहोचवणाऱ्याला हा फरक टिकवणं अवघड जातं, कारण तीच चिप दुसराही विकत असतो. इथे ‘डिझाइन रजिस्ट्रेशन’ येतं. ग्राहकाच्या नव्या डिझाइनमध्ये अमुक चिप आपल्या इंजिनिअरने बसवली, अशी नोंद वितरक प्रिन्सिपलकडे करतो. नोंद मान्य झाली की पुढे त्या ग्राहकाच्या उत्पादनासाठी त्या वितरकाला जास्त सवलतीचा दर मिळतो आणि इतरांना तो मिळत नाही. डिझाइनमध्ये चिप बसली की ‘डिझाइन-इन’, उत्पादन सुरू झालं की ‘डिझाइन विन’. एफएईचं यश या दोन टप्प्यांवर मोजलं जातं.

ही व्यवस्था मला गैर वाटत नाही. ज्याने ज्ञान दिलं त्याला त्याचा मोबदला मिळतो आणि लहान ग्राहकाला आधी पैसे मोजावे लागत नाहीत. पण तिचे दोन परिणाम होतात. एक, एफएईच्या पोतडीत त्याच्या वितरकाकडे असलेल्या प्रिन्सिपलच्याच चिप असतात. दुसऱ्या कंपनीची जास्त योग्य चिप त्याला ठाऊक असली तरी ती सुचवणं त्याच्या हिताचं नसतं. दोन, एकदा नोंद झाली की त्या चिपसाठी दुसऱ्या वितरकाकडे चांगला भाव मिळवणं ग्राहकाला कठीण जातं. चांगले एफएई आपल्या मर्यादा मोकळेपणाने सांगतात आणि असे इंजिनिअर पुष्कळ आहेत. तरीही विचारण्याची जबाबदारी ग्राहकाचीच राहते.

दुकानातून बोर्ड, बोर्डातून कंपनी

गेल्या पंधरा वर्षांत वितरक सल्ल्याच्या बरेच पुढे गेले. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ब्रिटनमध्ये रास्पबेरी पाय हा क्रेडिट कार्डाएवढा संगणक विक्रीला आला. तो बनवणाऱ्या संस्थेकडे मोठं उत्पादन करण्याइतकं भांडवल नव्हतं. म्हणून फार्नेल आणि आरएस या दोन वितरकांना उत्पादन आणि विक्रीचा परवाना दिला गेला. पहिल्याच दिवशी मागणीच्या रेट्याने दोघांच्याही वेबसाइट कोलमडल्या. शाळेतल्या मुलांसाठी काढलेला तो बोर्ड पुढे जगभरच्या कारखान्यांतल्या यंत्रांत जाऊन बसला. त्याच वर्षी ॲव्हनेट, डिजिलंट आणि झायलिंक्स यांच्या सहकार्यातून झेडबोर्ड आला. प्रोग्रॅमेबल चिप त्याने विद्यार्थ्यांच्या टेबलावर आणली.

डिझाइनची साधनंही वितरकांनी हाती घेतली. आरएसने २०१० मध्ये डिझाइनस्पार्क पीसीबी हे सॉफ्टवेअर फुकट दिलं. डिजी-कीने किकॅड या मुक्त सॉफ्टवेअरला पाठबळ दिलं आणि त्यासाठी सुट्या भागांची लायब्ररी खुली केली. फार्नेलची मूळ कंपनी प्रीमियर फार्नेलने २००९ मध्ये ईगल हे लोकप्रिय पीसीबी सॉफ्टवेअर बनवणारी कॅडसॉफ्ट विकत घेतली. २०१६ मध्ये ईगल ऑटोडेस्ककडे गेलं, आणि ७ जून २०२६ नंतर ते मिळणार नाही असं ऑटोडेस्कने जाहीर केलं. ज्यांची वर्षानुवर्षांची डिझाइन त्या एकाच स्वरूपात साठली आहेत, त्यांना ती दुसरीकडे हलवण्याची धावपळ करावी लागली. मिळालेल्या साधनावर मालकी आपली नसते, हे या उदाहरणात स्वच्छ दिसतं.

२०१६ मध्येच ॲव्हनेटने प्रीमियर फार्नेल विकत घेतली. नवउद्योजकांना उत्पादनापर्यंत नेणाऱ्या सेवाही तिने त्या काळात आपल्याकडे घेतल्या. २०१८च्या जानेवारीत ॲरोने अहमदाबादमध्ये वाढलेली ईइन्फोचिप्स ही डिझाइन सेवा कंपनी सुमारे २८ कोटी डॉलरना खरेदी केली. चिपपासून सॉफ्टवेअरपर्यंत डिझाइन करणारे भारतीय इंजिनिअर अशा रीतीने एका जागतिक वितरकाच्या छत्राखाली आले. सुट्या भागांच्या दुकानापासून निघालेली कंपनी अख्खं उत्पादन डिझाइन करून देण्यापर्यंत पोहोचली होती.

दोन धक्के

ही वाटचाल सरळ रेषेत झाली नाही. २०१९च्या ऑक्टोबरात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स (टीआय) ॲव्हनेटसह काही वितरकांशी असलेले करार संपवणार असल्याचं जाहीर झालं. ॲव्हनेटच्या विक्रीत टीआयचा वाटा सुमारे दहा टक्के होता. टीआयला ग्राहकाशी थेट नातं हवं होतं. ग्राहक कोण आहे, तो काय डिझाइन करतो आणि पुढे त्याला काय लागेल, ही माहिती तिला स्वतःकडे ठेवायची होती. चिपइतकीच किंमत डिझाइनच्या टेबलावर बसण्याला असते, हे त्या निर्णयाने दाखवून दिलं. लहान ग्राहकांच्या दृष्टीने मात्र दारात येणारा एक ओळखीचा इंजिनिअर कमी झाला.

दुसरा धक्का सगळ्यांनी सोसला. २०२१ मध्ये चिपचा दुष्काळ पडला. सप्टेंबरात महिंद्राने त्या महिन्यात उत्पादन २० ते २५ टक्क्यांनी घटेल असं जाहीर केलं. मोठ्या कंपन्यांची ही गत, तर त्यांना बोर्ड पुरवणाऱ्या लहान कारखान्यांचं काय झालं असेल! साध्या मायक्रोकंट्रोलरसाठी ५२ आठवड्यांचा लीड टाइम, म्हणजे मागणी नोंदवल्यापासून माल मिळेपर्यंतचा काळ, सांगितला जात होता आणि खुल्या बाजारात त्याच्या किमती अनेक पटींनी चढल्या होत्या. त्या भुकेत बनावट आणि जुने काढलेले भागही नव्याच्या नावाने विकले गेले.

त्या वर्षात एफएईचं काम उलटं झालं. नवी चिप बसवण्याऐवजी न मिळणारी चिप काढून मिळणारी बसवायची. पायांची जुळणी तीच असलेला पर्याय शोधणं, पीसीबीवर दोन वेगवेगळ्या भागांसाठी जागा ठेवणं, सॉफ्टवेअर नव्या चिपवर नेणं ही कामं कित्येक कारखान्यांत रात्री जागून झाली. ज्यांनी मूळ डिझाइन समजून घेतलं होतं ते काही आठवड्यांत सावरले. ज्यांनी रेफरन्स डिझाइन जसंच्या तसं उचललं होतं त्यांना पर्यायाची चाचणी कशी घ्यायची हेसुद्धा ठरवता येईना. कारण मूळ भाग तिथे का होता हेच त्यांना माहीत नव्हतं. मोटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअर लायब्ररींचं दुखणं आणखी वेगळं होतं. त्या बहुधा ज्या कंपनीने दिल्या त्याच कंपनीच्या चिपवर वापरण्याच्या अटीवर मिळतात. चिप बदलली की सॉफ्टवेअरही गेलं.

आपल्या हाती काय असावं

रेफरन्स डिझाइन ही शिडी आहे. तिने वर चढावं, तिच्यावर घर बांधू नये. वितरकाची मदत घेऊ नका, असं सांगणारा माणूस लहान उद्योगाचं नुकसान करतो. एके काळी बड्या कंपन्यांच्या भिंतींआड असलेलं ज्ञान आज सांगलीच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्याला आणि नाशिकच्या वर्कशॉपला मिळतं. एकेक नग सुटा मागवता येतो आणि सर्किट वेगळं बिल न देता तपासून मिळतं. या दारातून जरूर आत जावं, पण चार सवयी अंगी बाणवून.

पहिली सवय, मूळ फायली आपल्याकडे ठेवण्याची. सर्किट, पीसीबी, सॉफ्टवेअरचा सोर्स कोड आणि चाचणीच्या नोंदी आपल्या संगणकावर, उघडता येतील अशा स्वरूपात असाव्यात. दुसरी, सुट्या भागांच्या यादीतल्या प्रत्येक महत्त्वाच्या भागापुढे एक कारण आणि एक पर्याय लिहिण्याची. पर्याय नसेल तर तसं लिहावं, म्हणजे धोका कुठे आहे ते कळतं. तिसरी, एफएईला नेमके प्रश्न विचारण्याची. ही चिप किती वर्षं मिळेल? डिझाइन रजिस्टर करणार आहात का? लायब्ररीच्या परवान्यात काय अट आहे? तुमच्याकडे नसलेल्या कंपनीचा पर्याय कुठला? प्रामाणिक इंजिनिअर या प्रश्नांनी दुखावत नाही. उलट समोरचा ग्राहक जाणता आहे हे त्याला कळतं आणि तो अधिक खोलात शिरतो. चौथी सवय, मदत घेताना आपला एक तरुण इंजिनिअर शेजारी बसवण्याची. एफएईने दोष दुरुस्त करून दिला आणि निघून गेला, तर पुढच्या बोर्डात तोच दोष पुन्हा येतो.

एवढं प्रत्येक उद्योजक एकट्याने करू शकेल अशी अपेक्षा धरणं अन्यायाचं होईल. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सेमीकंडक्टरसाठी ७६ हजार कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. त्यात चिप डिझाइनला प्रोत्साहन देणारी योजनाही आहे. पण चिप डिझाइन करणं आणि चिप वापरून उत्पादन डिझाइन करणं ही दोन वेगळी कामं आहेत. महाराष्ट्रातले बहुसंख्य उद्योग दुसरं काम करतात. त्यांच्यासाठी औद्योगिक वसाहतींच्या संघटनांनी आणि इंजिनिअरिंग कॉलेजांनी एकत्र येऊन डिझाइन तपासणीची केंद्रं उभारायला हवीत. एक चांगला ऑसिलोस्कोप, स्पेक्ट्रम ॲनालायझर, प्राथमिक विद्युतचुंबकीय चाचणीची सोय आणि उद्योगातून निवृत्त झालेले दोन-तीन अनुभवी इंजिनिअर एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. फी माफक असावी. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी तिथे खरे बोर्ड, खरे दोष पाहावेत. वितरकाचे एफएई तिथे शिकवायला आनंदाने येतील, त्यांनी यावंही. पण दोन कंपन्यांच्या चिप समोर ठेवून कुठली घ्यावी असं उद्योजकाने विचारलं, तर उत्तर देणारा माणूस कुठल्याही प्रिन्सिपलचा नसावा. असा सल्ला आज पुण्या-मुंबईतही सहज मिळत नाही. तो उपलब्ध झाला तर वितरकाकडून येणारं ज्ञान आपल्या कारखान्यांत मुरेल आणि पुढचं डिझाइन इथेच सुरू होईल.